पिल्लू आधी की पाळणा?

चि. सौ. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "मूल व्हायच्या आधी कुत्रं घ्यावं का?" मी लिहून कळवते म्हणाले, कारण याला हो-नाही असं उत्तर नसतं, समोर कॅलेंडर घेऊन बसावं लागतं. एक समजूत मात्र आधीच मोडून काढते. कुत्रं म्हणजे मुलाची रंगीत तालीम, असं हल्ली फार ऐकू येतं. मूल चौथ्या वर्षी स्वतःची चप्पल स्वतः घालतं. कुत्रं बाराव्या वर्षीही सकाळी सहाला दाराशी तसंच उभं राहतं, पाऊस असो नाहीतर तुमचा रविवार. दोन्ही कामं वेगळी आहेत, आणि एक जमलं म्हणून दुसरं जमेलच असं नाही.

आता हिशोब. सुहासरावांच्या मनात लॅब्रॅडॉर आहे म्हणालीस, म्हणून तोच धरते. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर घरी यावं. त्याआधी विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांनी मनाईच आहे. कोणी पस्तीस दिवसांचं गोंडस पिल्लू हातात ठेवू लागला तर तिथूनच परत फिर. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेलं पिल्लू चावायचं किती हे शिकलेलंच नसतं. घरी आल्यावर लघवी धरण्याचा साधा हिशोब असा: जितके महिने वय, त्यात एक मिळव, तितके तास. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा चार तासांच्या वर धरू शकत नाही, आणि तुम्ही दोघं नऊ तास घराबाहेर. म्हणजे दुपारी कोणीतरी येऊन त्याला लघवीला नेणं आलं. चौथ्या महिन्यापासून दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के येतात, ते सातव्या महिन्यापर्यंत चालतं. तोवर चार्जरची वायर, चपला, सोफ्याचा कोपरा, काही शिल्लक राहत नाही. एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचा काळ कोणी सांगत नाही. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कुत्रं वयात येत असतं. शिकलेलं विसरतं, हाक मारली की मान वळवून बघतं आणि उलट्या दिशेने पळतं, अंगावर उड्या मारतं. कुत्रं सोडून देण्याचे विचार याच काळात सुरू होतात.

समजा, या महिन्यात दोन महिन्यांचं पिल्लू आणलं आणि दोन महिन्यांनी तुला दिवस राहिले. बाळंतपणाच्या वेळी ते तेरा महिन्यांचं, अंगाने जवळपास तीस किलोचं आणि डोक्याने पोरसवदा. सातव्या-आठव्या महिन्यात तुझ्या पोटाचा भार पुढे आलेला असणार. तेवढ्यात याला रस्त्यापलीकडे मांजर दिसलं आणि पट्ट्याला हिसका बसला, तर तोल जायला कितीसा वेळ लागतो? म्हणून माझा आकडा असा: तुम्ही प्रयत्न सुरू कराल तेव्हा कुत्रं निदान दहा महिन्यांचं हवं. लगेच दिवस राहिले तरी बाळ घरी येईल तेव्हा ते दीड वर्ष ओलांडून गेलेलं असेल. प्रसूतीच्या तारखेवरून मागे मोजू नकोस, ती तारीख आपल्या हातात नसते. प्रयत्न सुरू करण्याच्या तारखेवरून मोज.

वर्षाच्या आत बाळाचा विचार असेल तर पिल्लू नकोच. मग थेट मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत थांबा. "बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा आहेच, तेव्हाच पिल्लूही आणू" असं सुहासराव गमतीत म्हणाले असले तरी सांगते, यापेक्षा वाईट मुहूर्त नाही. रात्री दोनला बाळ उठतं, तीनला पिल्लू.

एक मधला रस्ता आहे आणि मला तो जास्त पसंत आहे. दोन-तीन वर्षांचं, मोठं झालेलं कुत्रं दत्तक घ्या, शक्यतो देशी. दात, उड्या, लघवी, सगळं मागे पडलेलं असतं. स्वभाव समोर दिसतो, अंदाज करावा लागत नाही. देशी कुत्र्याला पुण्याचा उन्हाळा सोसतो. हस्की किंवा पगला तो सोसत नाही, पगचं तर आखूड नाकामुळे मे महिन्यात श्वास घेणंच कठीण होतं. निर्णय एका भेटीत करू नका. वेगवेगळ्या वेळी तीनदा भेटा. एकदा मुलं खेळत असतात अशा बागेच्या कडेला, लांब उभं राहून बघा. मुलांचा आरडाओरडा ऐकून ते कान टवकारून बघतं आणि पुन्हा जमीन हुंगायला लागतं, तर उत्तम. ताठरतं, एकटक बघत राहतं, किंवा शेपूट पोटाखाली घालून मागे खेचतं, तर ते कुत्रं वाईट नव्हे, पण तुमच्या घरासाठी नव्हे.

आता माहेरपणाचं. याचा विचार तुमच्यापैकी कोणी केलेला दिसत नाही. पहिलं बाळंतपण इथे चिपळूणला करायचं ठरलं तर सातव्या महिन्यानंतर तू इथे, बाळ तीन महिन्यांचं होऊन परत जाशील. म्हणजे पाच महिने कुत्रं सुहासरावांकडे एकट्यावर. सकाळी चाळीस मिनिटं, संध्याकाळी चाळीस मिनिटं, दुपारचा माणूस, आणि शनिवारी ते इकडे आले की कुत्रं कोणाकडे, हे आधी कागदावर लिहून काढा. त्याला इथे आणायचं म्हटलं तर कुंभार्ली घाटाच्या वळणांवर कुत्री ओकतात, निघण्याआधी सहा तास खायला देऊ नये. आणि इथल्या पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते. पावसाळा तोंडावर आला की ती घेतली आहे ना, हे कार्डावर बघायचं.

तुझ्या सासूबाईंची भीती मी समजू शकते. पोटुशीने कुत्र्याजवळ जाऊ नये असं त्यांना वाटतं. त्यात खरं किती ते सांगते. गर्भाला धोका असलेला टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून येतो. कुत्र्याच्या पोटात त्याची अंडी तयार होत नाहीत. कुत्र्याचा खरा प्रश्न जंतांचा. पिल्लाला बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंताचं औषध लागतं. गोल जंतांची अंडी मातीत पडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बाधक होतात. म्हणून विष्ठा त्याच दिवशी उचलली की निम्मं काम झालं. दिवस गेल्यावर ते काम आणि गोचिडी काढणं सुहासरावांकडे. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल लावायचं नाही, त्याने कातडी भाजते. गोचीडतापात कुत्र्याला ताप येतो, खाणं सुटतं, रक्तातल्या प्लेटलेट पडतात आणि कधी नाकातून रक्त येतं, तेव्हा दर महिन्याचं गोचिडीचं औषध चुकवू नका.

सुहासरावांना सर्दी-शिंकांचा त्रास आहे. त्यांनी आधी कुत्रं असलेल्या मित्राच्या घरी दोन-तीनदा दोन-दोन तास बसून बघावं. त्रास केसांनी होत नाही, कोंड्याने आणि लाळेने होतो. त्यामुळे "आखूड केसांचं घेऊ" याला अर्थ नाही.

लसींचं थोडक्यात: सहा-आठ आठवड्यांपासून एकत्रित लस, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर आणि मग दरवर्षी. सगळे डोस होईपर्यंत सार्वजनिक जमिनीवर सोडायचं नाही, पार्व्हो या जीवघेण्या जुलाबाचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो. पण घरात कोंडूनही ठेवायचं नाही. रिक्षा, कुकरची शिट्टी, ढोल-ताशा, म्हातारी माणसं, मुलं, हे सगळं चौदा आठवड्यांच्या आत बघितलं-ऐकलं नाही तर जन्मभर बिचकतं. उपाय एकच, कडेवर घेऊन फिरायचं.

बाळ येण्याआधीची तयारी बहुतेक लोक शेवटच्या आठवड्यात करतात. बाळाचं दुपटं हुंगवलं की झालं, अशी समजूत असते. दुपटं हुंगवायला हरकत नाही, पण त्याने फार काही साधत नाही. घोटाळा वेगळाच होतो. बाळ ज्या दिवशी घरी येतं त्याच दिवशी कुत्र्याचं फिरणं कमी होतं, पलंगावर बसणं बंद होतं, खोलीचं दार लागतं. कुत्र्याच्या हिशोबात हे सगळं त्या नव्या रडणाऱ्या गाठोड्यामुळे झालं. म्हणून जे बदलणार आहे ते दोन-तीन महिने आधीच बदलायचं. पलंग बंद करायचा असेल तर आधीच बंद. फिरण्याच्या वेळा अर्धा-पाऊण तास मागेपुढे करायच्या. बाळाच्या खोलीला दार लावून घेण्यापेक्षा जाळीचं फाटक बसवा, बघता येतं पण आत येता येत नाही. रडण्याचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून त्याच वेळी खाऊ द्यायचा, आवाज आठवड्याला थोडा वाढवायचा. "जागेवर जा", "सोड" आणि "थांब" हे तीन शब्द हातात बाळ असताना, म्हणजे नुसत्या तोंडी हुकमावर, पाळले गेले पाहिजेत. उशी कडेवर घेऊन सराव कर. शेजारी हसतील, हसू देत.

घरी येताना आधी तू रिकाम्या हाताने आत जा, त्याला भेट. बाळ मागून. कुत्रं तासभर फिरवून आणलेलं आणि पट्ट्याला असावं. बाळाचे पाय लांबून हुंगू दे, चेहरा नको. पुढच्या दिवसांत तेल लावताना, धुरी देताना ते फाटकाबाहेर. खोबरेल तेल लावलेलं बाळ कुत्र्याला चाटावंसंच वाटणार. डायपरचा डबा घट्ट झाकणाचा घ्या. वापरलेलं डायपर खाल्लं तर आतला जेल पोटात फुगतो आणि आतडं अडू शकतं. बारशाच्या दिवशी पन्नास माणसं, पाळणा, फुगे. त्याला त्या दिवशी दुसऱ्या खोलीत किंवा ओळखीच्या घरी ठेवा.

पण खरी परीक्षा बारशाला होत नाही. बाळ रांगायला लागतं तेव्हा होते, आठव्या-नवव्या महिन्यात. पाळण्यातलं बाळ कुत्र्याकडे जात नाही, रांगणारं थेट त्याच्या ताटलीपाशी जातं. लहान मुलांना कुत्रं चावतं ते बहुधा चेहऱ्यावर आणि मानेवर, कारण त्यांचं तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. आपल्याकडे लोक कुत्रं खात असताना ताटलीत हात घालतात, "सवय व्हावी" म्हणून. त्याने उलट शिकवण मिळते, की माणूस आला म्हणजे अन्न जाणार. असं कर: ते खात असताना सहा फुटांवरून चालत जा, उकडलेल्या कोंबडीचा तुकडा ताटलीकडे टाक आणि न थांबता पुढे जा. दोन-तीन दिवस तेवढंच. मग एक पाऊल जवळून. घाई केली की बिघडतं. तू जवळ येताच ते खायचं थांबून मान वर करून शेपूट हलवू लागलं की समज, जमलं. खाण्याचा वेग वाढला, अंग ताठरलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर दोन पावलं मागे. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवणं, या खुणा गुरगुरण्याच्या आधी येतात. आणि गुरगुरलं म्हणून कधी मारायचं नाही. ते गुरगुरणं बंद करतं, पण मनातलं जात नाही, मग पुढच्या वेळी सूचना न देता चावतं. हे सगळं जमलं तरी मूल आणि कुत्रं दोघांनाच खोलीत सोडून दुधाखालचा गॅस बंद करायलाही जायचं नाही. घरच्या लस दिलेल्या कुत्र्याने ओरखडलं, चावलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे न्यायचं.

खर्चाचं फार लिहीत नाही, तू हिशोबात माझ्यापेक्षा पक्की आहेस. मोठ्या लॅब्रॅडॉरला महिन्याला साधारण दहा किलो कोरडं खाणं धर, वर औषधं, दुपारचा माणूस, आणि गावाला गेलात की ठेवण्याचे पैसे. भाडेकरारात कुत्र्याचा उल्लेख लेखी करून घ्या. सोसायटी पाळीव कुत्र्याला सरसकट बंदी करू शकत नाही, पशुकल्याण मंडळाने २०१५ सालीच तसं कळवलं आहे, पण घरमालकाशी तोंडी बोलण्यावर राहू नका. महापालिकेचा परवानाही काढा, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

काही ठरवण्याआधी एक करा. एखाद्या संस्थेचं मोठं कुत्रं तीन आठवडे सांभाळायला घ्या. सुट्टीत नको, ऑफिसच्या नेहमीच्या आठवड्यांत. सकाळी सहाला कोण उठतं, विष्ठा कोण उचलतं, दुपारच्या माणसाने दांडी मारली की कोण धावतं, हे रोज फ्रिजवर लिहा. तिसऱ्या रविवारी तो कागद घेऊन मला फोन कर.

सुहासरावांना आशीर्वाद. सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी
आई

ता. क. गणपतीत ते तीन आठवडे आले तर प्रसादाचं ताट वर ठेव. मनुका-बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, थोडक्यानेही. शिऱ्यातले, लाडवावरचे, सगळेच. कांदा-लसूण आणि चॉकलेटही नाही. खाल्लं असा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न बघता लगेच दवाखान्यात ने.