ब्रदर, तुम्ही आईला बसायला खुर्ची दिलीत

आदरणीय ब्रदर,

सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाचा निकाल लागला. चांगल्या मार्कांनी पास झाला, गणितात तर वर्गातल्या वरच्या मुलांत आला. घरात सगळे त्याचं कौतुक करताहेत, ते करायलाच हवं, पण मला राहून राहून त्याच्या शाळेतल्या तुमची आठवण येतेय. तुमच्यासमोर आले की माझा घसा भरून येतो आणि चार शब्दही धड बोलता येत नाहीत. म्हणून लिहितेय. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहितेय (त्यांच्यासाठी: ब्रदर म्हणजे लग्न न करता, व्रत घेऊन संघात राहणारे आणि मुलांना शिकवणारे कॅथलिक धर्मबंधू), कारण तुमच्यासारखी माणसं आपण केलेलं कधी सांगत नाहीत आणि ज्यांनी काही केलं नाही त्यांचे मात्र दरवर्षी फलक लागतात.

आधी त्यांच्याबद्दल. धाकटा पूर्वी ज्या शाळेत होता तिचं नाव घेत नाही. वडील गेले आणि फी थकली. थकली होती हे आम्ही कधी नाकारलं नाही. पण थकलेल्यांची यादी वर्गात मोठ्याने वाचायची, नाव आलं की पोराला उभं करायचं आणि तास संपेपर्यंत उभंच ठेवायचं, ही कुठली पद्धत? फी माफ होते असं कळलं म्हणून आई गेली, तर तिला खिडकीबाहेर ताटकळत ठेवलं. गरीब असल्याचा दाखला आणा. आणला. हा चालणार नाही, दुसरा आणा. तोही आणला, तोवर पहिल्याची मुदत संपली होती. आतल्या माणसाने मान वर करून तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. घरी आली की ती म्हणायची, "मी भीक मागायला नव्हते गं गेले." मला आजही त्या माणसाचा राग येतो आणि तो जावा असं वाटतही नाही. धाकट्याने शाळेत जाणंच टाळायला सुरुवात केली. सकाळ झाली की पोटात दुखतं म्हणायचा. पुढे पुढे खरंच दुखायला लागलं.

तुमच्या शाळेपर्यंत कसे पोचलो, प्रवेश कसा झाला, यात मी शिरत नाही. मला सांगायचंय ते खुर्चीचं.

आम्ही दोघी तुमच्या खोलीच्या दाराशी आलो आणि आई सवयीने बाहेरच थांबली. तुम्ही काहीतरी लिहीत होतात. पेन खाली ठेवून उठलात. पलीकडे एकच खुर्ची होती आणि तिच्यावर वह्यांचा गठ्ठा. तो उचलून तुम्ही जमिनीवर ठेवलात, खुर्चीवरची खडूची धूळ हातानेच झटकलीत आणि ती टेबलाला वळसा घालून तुमच्या खुर्चीशेजारी आणून ठेवलीत. "बसा," म्हणालात. आई बसेना. मग तुम्हीही बसला नाहीत. ती बसेपर्यंत तुम्ही उभे होतात, ब्रदर, आणि ते मी बघत होते.

नंतर फॉर्म दोघांच्या मधे ठेवून एकेका ओळीवर बोट ठेवत तुम्ही तो वाचून दाखवलात, बाहेरच्या पालकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. आईला वाचता येतं का, हे विचारलं नाहीत. जणू आलेल्या प्रत्येकाला वाचूनच दाखवता, असं वाचलंत. उत्पन्नाचा रकाना आला तशी आईने पिशवीतून दाखल्यांचं भेंडोळं बाहेर काढलं. तुम्ही ते घेतलंच नाहीत. "राहू द्या," म्हणालात, "मुलाला काय आवडतं ते सांगा."

आईला पटकन उत्तर देता आलं नाही. त्याच्याबद्दल तिला कुणी विचारलं होतं ते फक्त फी कधी भरणार, एवढंच. थोड्या वेळाने ती म्हणाली, त्याला घड्याळं खोलायला आवडतात. तुम्ही ते फॉर्मच्या समासात लिहून घेतलंत.

असा माणूस घडतो कुठे, हे मला कळून घ्यायचं होतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हसून विषय बदलला असता. म्हणून तुमच्या संघाचे संस्थापक जाँ-बाप्तिस्त द ला साल यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. 1651 मध्ये फ्रान्समधल्या रँस शहरात सुखवस्तू घरात जन्म, पुढे धर्मगुरू, कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, मानाचं आणि उत्पन्नाचं पद. गरीब मुलांसाठी शाळा काढायला आलेल्या एकाला मदत करता करता ते या कामात ओढले गेले. त्या शाळांतले मास्तर स्वतःच जेमतेम शिकलेले, उद्याची खात्री नसलेले. 1681 मध्ये ला साल यांनी त्यांना सरळ आपल्या घरी राहायला आणलं. नातेवाईक बिथरले. आणि ज्यांना आणलं तेही एक दिवस तोंडावर म्हणाले, देवावर भरवसा ठेवा म्हणायला तुमचं काय जातं, तुमची सोय झालेली आहे. हे त्यांनी मनाला लावून घेतलं. 1683 मध्ये ते पद सोडलं आणि त्यानंतरच्या दुष्काळात वडिलोपार्जित पैसा भुकेल्यांना वाटून टाकला. आता मास्तर आणि ते एकाच पायरीवर आले. आईची खुर्ची तुम्ही टेबलापलीकडे न ठेवता आपल्या शेजारी का आणलीत, हे मला तेव्हा थोडंसं उमगलं.

तेव्हा वाचायला शिकायचं ते लॅटिनमधून, अशी रीत होती. ला साल म्हणाले, आधी फ्रेंच. गरिबाचं पोर शाळेत फार वर्षं टिकत नाही, लवकर कामाला लागतं. अर्धवट लॅटिन घेऊन ते काय करणार? इतकी साधी गोष्ट, पण तीसुद्धा त्यांना वरिष्ठांना पटवून द्यावी लागली. पण मी खरी थांबले ती पॅरिसच्या खटल्यांपाशी. फी घेऊन लेखन शिकवणाऱ्या गुरूंचा तिथे संघ होता आणि त्या संघाने ला साल यांना कोर्टात खेचलं. तक्रार काय, तर फुकट शिकवायचं असेल तर फक्त नोंद झालेल्या गरिबांनाच शिकवा, बाकीची मुलं आमची. ला साल यांच्या शाळेत मात्र दारावर अशी छाननी नव्हती. येईल तो आत, आणि कुणाच्या घरी काय आहे याचा हिशेब न करता सगळे एका वर्गात. निकाल त्यांच्याविरुद्ध गेले, शाळांमधलं सामानही जप्त झालं, तरी ते बधले नाहीत. तीनशे वर्षांपूर्वीची ती भांडणं वाचताना मला आईच्या हातातलं भेंडोळं दिसत होतं. तुम्ही "राहू द्या" म्हणालात, त्याच्यामागे केवढं मोठं भांडण उभं होतं!

ओळखीतले काही जण मला बाजूला घेऊन विचारतात, तिथे धर्म बदलायला सांगत नाहीत ना? त्यांनाही इथेच सांगते. आमचा धर्म वेगळा आहे आणि तो तसाच आहे. तास सुरू होताना तुम्ही म्हणायचात, आपण देवाच्या सान्निध्यात आहोत हे आठवू या, आणि मग वर्ग थोडा वेळ शांत बसायचा. धाकटा सांगतो, तेव्हा कोण कुठला देव आठवतोय हे ब्रदर कधी बघायचे नाहीत. तो वडिलांना आठवायचा.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. कॅथलिक संघांनी चालवलेल्या सगळ्याच संस्थांत मुलांच्या वाट्याला माया आली नाही. आयर्लंडमधल्या अशा संस्थांबद्दल 2009 मध्ये आलेला चौकशी अहवाल वाचवत नाही. गरीब, निराधार पोरांना तिथे मारहाण झाली, त्याहून भयंकरही झालं आणि वर्षानुवर्षं ते दडपलं गेलं. म्हणून मी झग्याला किंवा क्रुसाला नमस्कार करत नाहीये, तुम्हाला करतेय. त्याच कपड्यात, तेवढाच अधिकार हातात असताना तुम्ही काय केलंत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

आणि ते एका दिवसापुरतं नव्हतं. शाळेच्या अडगळीतलं बंद पडलेलं घड्याळ तुम्ही धाकट्याच्या हातात दिलंत आणि म्हणालात, खोल. अपूर्णांक म्हटलं की अंग चोरणारा तो मुलगा. मिनिटकाट्याच्या बारा फेऱ्या झाल्या की तासकाट्याची एक होते, मग या चाकाला दात किती आणि त्या चाकाला किती, असं तुम्ही त्याला आमच्या घरात बोलतो त्या भाषेत विचारत गेलात. घरी येऊन तो मला समजावून सांगायचा, मला नाही कळलं तर चिडायचा. तोवर किती दिवस त्याचं पोट दुखलं नव्हतं, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

त्याची फी कशी भागली हे आम्हाला आजही माहीत नाही. कुठल्या समारंभात त्याला स्टेजवर बोलावून काही दिलं नाहीत, कुणासोबत फोटो काढला नाहीत. वर्गातल्या एकाही मुलाला कळलं नाही की हा फुकट शिकतोय. मदत करणारे पुष्कळ भेटतात, ब्रदर. मदत घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही याची काळजी घेणारे फार कमी. आता मी स्वतः एका ऑफिसात टेबलापाशी बसते. समोर कुणी कागद घेऊन बिचकत उभं राहिलं की मी आधी उठते. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही.

तुमचं वय झालंय, लवकरच तुमची बदली संघाच्या दुसऱ्या घरी होणार, असं ऐकलं. तुमच्या जागी कोण येईल माहीत नाही. ब्रदर्सची संख्या पूर्वीच्या मानाने खूप घटली आहे आणि अशा शाळांमधले बहुतेक शिक्षक आता संसारी माणसं आहेत, असं वाचलं. चालेल की! धाकट्याच्या विज्ञानाच्या बाई संसारीच आहेत आणि तुमच्या हाताखाली तयार झालेल्या आहेत, ते त्यांच्या वर्गात दोन मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

धाकटा यंत्रांचंच पुढे शिकायचं म्हणतोय. तुम्ही जायच्या आत तो आणि आई भेटायला येणार आहेत. तुमच्या वर्गाच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं, असं तो वर्षभर सांगत होता. येताना हत्यारं घेऊन येईल, त्याला उघडू द्या.

आईने खास नमस्कार सांगितलाय.

तुमची,
त्याची ताई