सिस्टर, तुम्ही वेळेआधी विचारलंत

प्रिय सिस्टर,

भाच्याचा लसीचा डोस चुकला म्हणून तुम्ही घरी आला होता. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची 10,000 घरं, त्यातलं एक आमचं. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. निघता निघता तुम्ही मला विचारलंत, "लग्नाला किती वर्षं झाली? पुढं काय ठरवलंय?"

मला बोलवेना. आईनं सांगितलं. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली, तेव्हा कळलं की बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नव्हती. घरात कुणी ग्रहणाला दोष दिला, कुणी मला.

तुम्ही परत खाली बसलात. सुपातलं कापलेलं पान उचललंत आणि हळूहळू दोन्ही कडा जवळ आणल्यात. "मेंदू आणि मणका आधी असाच सपाट असतो. कडा वर येऊन मिटल्या की नळी होते. वरचं टोक उघडं राहिलं तर डोकं अर्धवट राहतं, खालचं राहिलं तर कणा. गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत हे सगळं होऊन जातं."

तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कितीजणींना तोवर कळतं? ही नळी नीट मिटावी म्हणून आधीपासून घ्यायच्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मला मिळाल्या तिसऱ्या महिन्यात. त्याआधी वर्षभरात मी पित्तासाठी, अंगदुखीसाठी दोनदा दवाखान्यात जाऊन आले होते. तेव्हा या गोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही.

एरवी रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं, पण जिचं आधीचं बाळ असं गेलं तिला दहापट, 4 मिलिग्रॅम लागतं, म्हणून तुम्ही मला डॉक्टरांकडे पाठवलंत. ब्रिटनमधल्या संशोधकांनी चालवलेल्या 1991 च्या अभ्यासात तेवढ्या डोसनं पुन्हा तसंच होण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटला होता, हे मी नंतर वाचलं. फॉलिक हा शब्द लॅटिनमधल्या पानावरून आलाय, हेही वाचलं, आणि तुमच्या हातातलं ते पान आठवलं.

मुलगी धडधाकट झाली. ती गोळीमुळेच झाली असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण "हिचं काही चुकलं नव्हतं" हे तुम्ही आईसमोर बोललात, ते मला औषधाइतकंच लागू पडलं.

सोलापुरातल्या सगळ्या डॉक्टरांना, नर्सना, आशाताईंना माझी हात जोडून विनंती आहे. लग्न झालेली बाई खोकल्याला आली तरी तिला मुलाचा विचार आहे का, एवढं विचारा, आणि गोळी लिहून द्या. मी स्वतःच्या मनानं आणली असती तर "दिवस गेले नाहीत, गोळ्या कशाला?" झालं असतं. "सिस्टरनी सांगितलंय, डॉक्टरांनी लिहून दिलंय" म्हटल्यावर सासूबाई रोज रात्री आठवणीनं पाणी आणून द्यायच्या.

बुधवारी मुलीचा डोस आहे. आईनं शेंगाचटणीची पुडी बांधून ठेवलीय. या वेळी नको म्हणू नका.

तुमची,
कुंभारीची एक आई