रॅस आणण्याआधी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. खाऱ्या पाण्याचा टँक आता चांगला स्थिरावलाय, तेव्हा रॅस, म्हणजे तो रंगीत समुद्री मासा, आणायचा म्हणतोस. आण, जरूर आण. पण माझा पहिला फेअरी रॅस कसा गेला, ते तुला मी कधी नीट सांगितलंच नाही.

माझ्याकडे सिक्सलाइन, तोही एक रॅसच, आधीपासून होता. जेमतेम तीन इंचांचा जीव, पण दगडांतली फट न् फट त्याच्या मालकीची. नवा मासा दुपारी आणला, पिशवी थोडा वेळ पाण्यात तरंगत ठेवली आणि थेट सोडून दिला. सिक्सलाइनने त्याला संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात कोंडून ठेवलं. शेपटीची कड फाटलेली मला दिसत होती. दिवे मालवल्यावर सगळं शांत झालं, म्हणून मी झोपलो. सकाळी तो टँकमागे फरशीवर सापडला, वाळलेला, सगळा रंग उडालेला. टँकवर जाळी नव्हती. घाबरलेला रॅस उडी मारतो हे मला ठाऊक होतं, तरीही नव्हती. आजही ती फरशी पुसताना मला तो आठवतो.

म्हणून आधी जाळी. ६ मिलिमीटर भोकांची, आणि वायरी जातात त्या कोपऱ्यातही फट नको.

मग पिवळा कोरिस, हाही रॅसच, आणला तेव्हा घाई केली नाही. दुकानातल्या पाण्याची घनता १.०२० होती, माझ्या टँकची १.०२५. कमी खारटातून एकदम जास्त खारटात गेलेला मासा खचतो. म्हणून वेगळ्या टँकमध्ये पाणी आधीच १.०२० करून ठेवलं आणि रोज थोडं थोडं वाढवत नेलं. लांबून प्रवास करून आलेल्या पिशवीत थेंब थेंब पाणी सोडत तासन्‌तास बसू नकोस. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो. चार आठवडे कोरिसला त्या वेगळ्या टँकमध्येच ठेवलं. कोरिस रात्री वाळूत झोपतो, म्हणून एका वाडग्यात वाळू दिली. ती नसेल तर बिचारा तळाशी तोंड घासत राहतो.

त्यानंतर भोकांचा पारदर्शक डबा मोठ्या टँकमध्ये आतून लटकवला आणि त्याला त्यात ठेवलं, वाळूच्या वाडग्यासकट. पहिल्या दिवशी सिक्सलाइन डब्यावर धडका मारत होता. दुसऱ्या दिवशी फेऱ्या कमी झाल्या. चौथ्या दिवशी त्याने डब्याकडे बघणंच सोडलं, तेव्हा दोन-तीन दगड हलवून मी डबा कलता केला. कोरिस सरळ वाळूत शिरला आणि दोन दिवस दिसलाच नाही.

हे दोन दिवस फार अवघड जातात. वाळू उकरून बघावंसं वाटतं. उकरू नकोस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन काचेसमोर बसलो होतो. वाळूचा एक कण हलला, मग एक टोकदार तोंड, मग एक डोळा. तो डोळा गोल फिरला, चहूकडे बघितलं, आणि हळदीसारखा पिवळा मासा अंग झटकून बाहेर आला. सिक्सलाइन जवळून गेला आणि पुढे निघून गेला. मला भरून आलं रे.

तुला दोन रॅस हवेत, तर दोघांना एकाच वेळी सोड. सिक्सलाइन घ्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी.

टँकची लांबी-रुंदी मोजून कळव. जाळी मीच कापून, चौकटीत बसवून घेऊन येतो. तोपर्यंत मासा आणू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच