कोंबड्यांच्या खुराड्यातला अल्बम

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. दोन गाणी ऐकली, तिसऱ्याला बंद केलं, यात रंबलवाला, म्हणजे रंबल ही गिटारची ट्यून वाजवणारा अमेरिकन गिटारवादक लिंक रे आहे कुठे, असं विचारतोयस. रास्त आहे. १९७१ मध्ये पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीने त्याच्याच नावाचा, 'लिंक रे' हा अल्बम काढला तेव्हाही रंबलच्या चाहत्यांना हाच प्रश्न पडला असणार, नाहीतर इतकी भारी रेकॉर्ड अशी धूळ खात पडली नसती. पण तू स्वतः गिटार वाजवतोस, अँप्लिफायरच्या नॉबवरून माझ्याशी तासन् तास भांडतोस, आणि तूच असं म्हणावंस म्हणजे कमाल झाली, म्हणून मेसेजवर न भागवता नीट लिहितोय. चहा घेऊन बस.

आधी जागा डोळ्यासमोर आण. मेरीलँडमधलं अ‍ॅकोकीक, पोटोमॅकच्या काठचं गाव, नदीपलीकडे जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन, आणि अलीकडे रे मंडळींच्या जागेत एक जुनं कोंबड्यांचं खुराडं. लिंकचा थोरला भाऊ व्हर्नन, त्याने आणि घरच्यांनी मिळून त्या खुराड्याचा स्टुडिओ केला. मशीन तीन ट्रॅकचं, आवाजाच्या तीनच वेगळ्या पट्ट्या नोंदवणारं. म्हणजे बघ, बीटल्स तोवर आठ ट्रॅकवर जाऊन वेगळेही झाले होते, मोठ्या स्टुडिओंत सोळा ट्रॅक आले होते, आणि ही मंडळी तीनवर. तीन ट्रॅक म्हणजे काय ते तुला सांगायला नको, जे काय वाजवायचं ते सगळ्यांनी एकत्र वाजवायचं, पियानो जास्त झाला, मँडोलिन दबलं, तर नंतर रडून उपयोग नाही.

आता खरी गंमत. खोली एवढीशी, त्यात अँप चढवला की बाकी कोणाचं काही ऐकूच येणार नाही, मग यांनी काय केलं, तर अँप उचलून बाहेर अंगणात ठेवला आणि खिडकीतून माइक लावला! तू ज्यूक बॉक्स मामा हे गाणं हेडफोन लावून ऐक, गिटार समोरून येतच नाही, ती कुठूनतरी बाहेरून येते, मध्ये हवा आहे असं वाटतं. आवाजाला घुमारा देणाऱ्या रिव्हर्बच्या पेडलने हे होत नाही, मी करून बघितलंय आणि तूही बघशीलच.

आणि हाच लिंक रे तुझा रंबलवाला. १९५८ मध्ये त्याने काय केलं होतं, अँपच्या स्पीकरला पेन्सिलने भोकं पाडली होती, का तर आवाज पुरेसा घाणेरडा येत नव्हता. शब्द नसलेली ट्यून, तरी काही रेडिओ स्टेशनांनी बंदी घातली, पोरं मारामाऱ्या करतील म्हणून. सरळ आलेला आवाज याला चालत नाही, हाताने काहीतरी उद्योग करून तो वाकडा करायचाच, ही खोड १९५८ मध्ये होती आणि १९७१ मध्येही आहे. फरक एवढाच की पहिल्या वेळी आवाज जवळ आणून अंगावर सोडला आणि या वेळी लांब नेऊन ठेवला.

ड्रम्सचं तेच. धाकटा भाऊ डग ड्रमर, निर्माता स्टीव्ह व्हेरोकाही ड्रम वाजवणारा, म्हणजे माणसं होती, पण बऱ्याच ठिकाणी ड्रमसेटऐवजी लाकडी जमिनीवर पाय आपटलेत, खिळे भरलेला डबा खुळखुळवलाय. गावच्या भजनात पखवाजवाला आला नाही की मंडळी टाळ्यांवर आणि मांडीवर ठेका धरून भागवतात आणि नेमका त्याच दिवशी अभंग चढतो ना, तसं काहीसं ला दि दा मध्ये झालंय. शेवटी शेवटी सगळे मिळून गातात तेव्हा सुरात कोण आहे आणि कोण नाही हे बघण्यात अर्थ नाही.

मग लिंकचा आवाज. तू म्हणालास गातो कसला, ओरडतो. अरे, कोरियन युद्धाच्या काळात सैन्यात असताना त्याला टीबी झाला आणि एक फुप्फुस काढावं लागलं. तू गाणार नाहीस असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून तर वर्षानुवर्षं हा मुकाट गिटार वाजवत राहिला आणि गायचं काम व्हर्ननकडे. चाळिशी उलटल्यावर तो अख्खा अल्बम स्वतः गातो. टेक मी होम जीझसमध्ये लांब ओळीच्या शेवटी श्वास कमी पडतो, तिथे आवाज फाटतो, आणि तो ते लपवत नाही. मला तरी हे रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगरच्या त्या काळातल्या मुद्दाम केलेल्या गावरान उच्चारांपेक्षा शंभर पट आवडतं. (हे वाचून तू चिडणार. चीड.)

दलदलीबद्दल तू जे लिहिलंस की स्वँप रॉक, म्हणजे ते दलदलीच्या प्रदेशाचा बाज असलेलं रॉक, ते क्रीडन्स हा बँड आणि गायक टोनी जो व्हाइट यांचं, बाकी सगळे नकली, त्यावर थोडं बोलायचंय. टोनी जो मान्य, लुइझियानाचाच पोरगा तो. पण क्रीडन्सवाले? एल सेरिटो, कॅलिफोर्निया, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकडचे! बायूबद्दल, म्हणजे लुइझियानाकडच्या संथ दलदली ओढ्यांबद्दल, त्यांनी झकास गायलं, मला प्रिय आहेत, पण अस्सल-नकलीच्या गोष्टी करायच्या तर हिशोब नीट कर. लिंक रे जन्मला १९२९ मध्ये, उत्तर कॅरोलिनातल्या डन गावात. घरात अठराविश्वे दारिद्र्य, तो आईकडून शॉनी या मूळ अमेरिकन जमातीचा, आणि त्या भागात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या संघटनेची दहशत. आठेक वर्षांचा असताना हॅम्बोन नावाच्या एका कृष्णवर्णीय सर्कसवाल्याने बाटलीची मान तारांवर घासून गिटार कशी वाजवतात ते दाखवलं, असं तो स्वतः सांगायचा. तर ब्लॅक रिव्हर स्वँप हे गाणं म्हणजे कुठली पोस्टकार्डवरची दलदल नाही, उत्तर कॅरोलिनात ब्लॅक रिव्हर खरंच आहे, तिथले सायप्रसचे वृक्ष पाण्यात उभे असतात आणि त्यातला एक निदान २६२४ वर्षांचा आहे असं २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी काढलं. गाणं मात्र अगदी साधं, लहानपणची जागा आठवणाऱ्या माणसाचं, डोब्रोही (ती धातूच्या तबकडीची गिटार) फार शहाणपणा करत नाही.

आणि अस्सलपणाचा दाखलाच हवा असेल तर न्यू ऑर्लीन्सचे नेव्हिल ब्रदर्स घे. त्यांनी १९८९ च्या यलो मूनमध्ये फायर अँड ब्रिमस्टोन घेतलं, पुढच्या वर्षीच्या अल्बममध्ये फॉलिन रेन. दोन्ही याच खुराड्यातली! दलदलीच्या दारात राहणाऱ्यांना ती आपली वाटली, तुला पुण्यात बसून वाटत नाहीत.

फॉलिन रेनबद्दल जास्त लिहीत नाही, ते ऐकायचं. चाल इतकी निवांत की शब्दांकडे लक्षच जात नाही, आणि लक्ष गेलं की कळतं बाहेरचा पाऊस काही साधा नाही, व्हिएतनामची वर्षं आहेत ती.

सगळंच सोनं आहे असं मी म्हणणार नाही. आइस पीपल मला अजूनही प्रवचन वाटतं. टेल ड्रॅगर हे विली डिक्सनने लिहिलेलं, ब्लूज गायक हाउलिन वुल्फने ते गाऊन विषय संपवलाय, इथे ते जरा लांबतं आणि नेमकं शेवटी आहे, त्यामुळे उठताना तोंडाची चव बदलते. तू असं कर, आधी फॉलिन रेन, मग फायर अँड ब्रिमस्टोन, मग ब्लॅक रिव्हर स्वँप, आणि मग पहिल्यापासून सलग. ब्लूटूथ स्पीकरवर नको, प्लीज.

आवडलं तर त्याच खुराड्यातल्या आणखी दोन रेकॉर्ड आहेत, मॉर्डिकाय जोन्स या नावाने आलेली, आणि बीन्स अँड फॅटबॅक. दुसरी जास्त रांगडी, तुझ्यातल्या रंबलवाल्याला कदाचित तीच आधी पटेल. २०२३ मध्ये लिंक रेला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तो २००५ मध्येच कोपनहेगनला वारला, आणि अजूनही त्याचं नाव निघालं की लोक रंबल लावतात आणि पुढे सरकतात.

ऐकलंस की फोन कर, मेसेज नको, भांडायला बरं पडतं. काकूंना नमस्कार सांग, आणि माझी ती गिटारच्या तारांवर फिरवायची स्लाइड तुझ्याकडेच आहे, ती या वेळी पाठव.

तुझाच