काळा कोट नसलेला अ‍ॅडव्होकेट

प्रिय सुधीर,

‘इंग्लंडात जाऊन सनद न घेताच अ‍ॅडव्होकेट झालास!’ हे वाचून खूप हसलो. चूक तुझी नाही, आपल्याकडे हा शब्द काळा कोट घालूनच येतो. मराठीत काय म्हणावं? कैवारी म्हटलं तर तलवार उपसल्यासारखं वाटतं. मध्यस्थ म्हणावं तर मी मधे नसतोच, एकाच बाजूला, पेशंटच्या बाजूला, बसलेला असतो.

इथल्या १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली माणसाला मनाविरुद्ध भरती करता येतं. कलम २ खाली २८ दिवसांपर्यंत, कलम ३ खाली सुरुवातीला सहा महिन्यांपर्यंत. अशा पेशंटला स्वतंत्र अ‍ॅडव्होकेटचा हक्क २००७ च्या दुरुस्तीने दिला, अंमल २००९ पासून. माझा पगार हॉस्पिटल देत नाही. पेशंटला एकांतात भेटता येतं, त्याची संमती असेल तर केसपेपर बघता येतात. डॉक्टर त्याच्या भल्याचं बोलतात, घरचेही बोलतात. मी तो जे म्हणतो तेवढंच बोलायचं, मला पटो न पटो.

या ‘न पटो’नेच घाम फोडलाय. मागे कलम २ वर एक बाई होत्या. सुटका करू शकणाऱ्या ट्रायब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायमंडळाकडे, अर्ज पहिल्या १४ दिवसांतच करावा लागतो, हे मी पहिल्या भेटीतच सांगितलं. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. म्हणणं एकच: संध्याकाळच्या गोळीने झोप लागते आणि मुलाचा फोन चुकतो. मनात येत होतं, अहो, सुटकेचं बघा, फोनचं काय घेऊन बसलात! पण ते झालं माझं म्हणणं. डॉक्टरांच्या राउंडच्या बैठकीआधी आम्ही दोघांनी बसून तीन ओळी लिहिल्या. आत सहा-सात माणसं बघून त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, मी जसाच्या तसा वाचला. गोळी रात्री दहावर गेली. दोन मिनिटांचं काम! त्या आठवडाभर नर्सला हेच सांगत होत्या, आणि फाइलमध्ये नोंद होती ‘चिडचिड’.

तेराव्या दिवशी त्यांनी स्वतःहून फॉर्म मागितला. अर्ज फेटाळला गेला. मी खट्टू झालो, त्या माझ्याइतक्या नाही. फोन सुरू झाले होते ना.

आता तुझ्या कामाचं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मोफत कायदेशीर मदत आहे, पेशंटच्या वतीने बघणारा नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, पण माझ्यासारखा माणूस नाही. प्रतिनिधी बहुतेक वेळा घरचाच, आणि कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंतच्या भरतीचा अर्जही त्याचाच. ज्याने आत घातलं त्यानेच आतल्याची बाजू मांडायची! मात्र त्याच कलमात एक वाट आहे. भरतीविरुद्ध पुनरावलोकन मंडळाकडे पेशंट आणि प्रतिनिधीखेरीज, पेशंटच्या संमतीने, नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचा माणूसही अर्ज करू शकतो. तू ज्या संस्थेचे कागद फुकट बघतोस, त्यांना हे माहीत आहे का? त्यांच्यातल्या दोघातिघांना घेऊन एकदा बस. सल्ला देण्याची खोड असलेले मात्र वगळ, तू धरून.

मंडळाचं काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते सविस्तर लिही.

तुझा,
श्रीकांत