प्रवेशाच्या वेळीच तास सांगा

संपादक महोदय,
स. न.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत नोकरी करता करता ऑनलाइन पदवी घेणाऱ्यांविषयी लेख आला होता. इच्छा असली की वेळ निघतोच, पहाटे चारला उठा, असं त्यात लिहिलं होतं. मी एसटीत कंडक्टर आहे, वय ४४. मुक्कामी गाडी असते त्या आठवड्यात मी साडेचारला उठतोच, कारण पावणेसहाला गाडी सुटते. तिथे अभ्यासाला कुठली पहाट काढायची? म्हणून हे पत्र लिहितो आहे.

जुलै २०२१ च्या सत्रात मी इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, बीएला प्रवेश घेतला. इतिहास आणि राज्यशास्त्र, हिंदी माध्यम. बारावीनंतर कॉलेज सुटलं त्याला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. प्रवेशाचा अर्ज, फी, इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावरची पुस्तकं, व्याख्यानं, निकाल, सगळं मोबाइलवरच. स्वाध्याय तेवढे हाताने लिहायचे आणि परीक्षेला केंद्रावर जायचं. पहिल्या परीक्षेला मी उत्साहाने पहिल्या वर्षाच्या आठही पेपरांचा फॉर्म भरला. सुटले तीन.

त्या निकालानंतर महिनाभर मी कोणाशी नीट बोललो नाही. इच्छा कमी पडली असं मला तेव्हा वाटलं. मग एका मुक्कामाला, वर्गखोलीत अंथरूण टाकून पडलो असताना, माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. त्यात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे तीस तासांचा अभ्यास असं लिहिलेलं आहे. माझ्या बीएचे एकूण श्रेयांक १३२. म्हणजे ३,९६० तास. तीन वर्षांत पुरं करायचं तर रोज साडेतीन तासांच्या वर, सुट्टी नाही, आजारपण नाही, पाहुणा नाही. कंडक्टरला काय, कुठल्याही संसारी माणसाला हे जमणार नाही. पण त्याच पुस्तिकेत हीच पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते असंही लिहिलेलं आहे, आणि दर परीक्षेला सगळ्या विषयांचा फॉर्म भरायची सक्ती नाही. सहा वर्षांवर भागलं की दिवसाला पावणेदोन तासांच्या आसपास येतात. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याने होईल.

आता माझा हिशोब सांगतो. तो दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडणार नाही, पण कुठून सुरुवात करायची ते कळेल.

आमच्या कामात ड्युटीचा आठवड्याचा चार्ट लागतो. मुक्कामाच्या आठवड्यात कोयना खोऱ्यातल्या गावी रात्री आठला पोचतो. तिथे मोबाइलला रेंज नसते, म्हणून लागणारी प्रकरणं घरूनच उतरवून न्यायची. जेवण झालं की ड्रायव्हरभाऊ लगेच झोपतात आणि मला साडेआठ ते दहा असा दीड तास मिळतो. कोणाचा फोन येत नाही, दारावर कोणी येत नाही. माझं खरं वाचन या मुक्कामांतच झालं. दिवसपाळीच्या आठवड्यात घरी असतो तेव्हा वाचन होत नाही. जेवणानंतर स्वयंपाकघरातला ओटा पुसून झाला की तिथेच उभ्याने स्वाध्याय लिहितो. बसलो की डुलकी लागते. मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट झालं, गाड्या भरून जाऊ लागल्या. ते फार चांगलं झालं. पण संध्याकाळी भरणा करून घरी आल्यावर पायात जीव राहत नाही, आणि अशा दिवशी पुस्तक न उघडलेलंच बरं हेही मी शिकलो.

आमच्या भागात मे महिना लग्नाचा, जून पेरणीचा. ऑक्टोबरला भाताची सुगी, त्याला लागून दिवाळी. आणि परीक्षा जून आणि डिसेंबरला! ऐन परीक्षेच्या तोंडावर अभ्यास करू म्हणणारा आमच्याकडचा माणूस हमखास अडकतो. म्हणून मी फेब्रुवारी ते एप्रिल आणि जुलै ते सप्टेंबर हेच अभ्यासाचे महिने धरले. जूनला दोन पेपर, डिसेंबरला तीन, त्याहून जास्त नाही. परीक्षेच्या दिवशी रजा मिळेल की नाही ही धाकधूक नको म्हणून भाऊबीजेची आणि गावच्या यात्रेची ड्युटी मी स्वतःहून सहकाऱ्यांकडून मागून घेतो. ते माझ्या पेपरच्या दिवशी गाडीवर जातात. त्यांच्या या उपकारावर माझे पंधरा-सोळा पेपर झाले आहेत.

सहा श्रेयांकांच्या विषयाला नियमाने १८० तास हवेत. मी वहीत तास मांडत गेलो, मला विषयामागे एकशे दहाच्या आसपासच मिळाले. मार्क बेताचे आहेत, पण पेपर सुटतात. स्वाध्यायाला तीस टक्के वजन आहे, तो आधी लिहून टाकला की निम्मा विषय डोक्यात बसतो. एकदा मात्र जुन्या सत्राच्या प्रश्नांवर स्वाध्याय लिहून बसलो होतो. ते प्रश्न बदलले होते, महिन्याभराच्या रात्री गेल्या. लिहायला बसण्यापूर्वी प्रश्नपत्रिकेवरचं सत्र बघावं, एवढं माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवावं.

नुसते तास असूनही अभ्यास होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०२१ च्या हिवाळ्यात आमचा एसटीचा संप होता. दिवसच्या दिवस रिकामे होते. त्या काळात मी एक पान वाचलं नाही. पगार थांबलेला असताना, घरात किराण्याचा विचार चालू असताना अक्षरं डोळ्यांपुढून जातात, आत शिरत नाहीत. इच्छा असेल तर वेळ निघतो असं लिहिणाऱ्यांनी हा हिवाळा समजून घ्यावा. माझ्या पावणेदोन तासांमागे माझी बायको आहे. बाजार, दवाखाना, शाळेतल्या सभा, नात्यातली निम्मी लग्नं तिने एकटीने केली. तो वेळ तिने दिला आहे.

आता मूळ गोष्ट. माझ्या सकाळच्या फेरीला एक अंगणवाडी सेविका ताई असतात. त्यांनीही पदवीला नाव घातलं होतं. ज्या खासगी प्रवेश केंद्रातून अर्ज भरला, तिथे त्यांना सांगितलं होतं की अभ्यास लागत नाही, वर्षाला दहा दिवस काढा, बाकी आम्ही बघतो. पहिल्या वर्षी त्यांचे चार विषय राहिले. त्यांना वाटलं आपण नापास, संपलं. पुढच्या वर्षाची फी भरलीच नाही. मुदत सहा वर्षांची आहे, राहिलेले विषय पुन्हा देता येतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. हे मला तिकीट काढताना बोलण्यात कळलं आणि फार वाईट वाटलं. घरच्यांनी आणि शेजारच्यांनी त्यांना दोन वर्षं हेच ऐकवलं की या वयात कशाला भलता हव्यास.

मान्यताप्राप्त मुक्त आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. त्यानंतर आमच्या आगारातच कितीतरी जण चौकशी करू लागले. त्यांना प्रवेश केंद्रावर फी सांगतात, हप्ते सांगतात. तास कोणी सांगत नाही. माझी विनंती एवढीच आहे की प्रवेश अर्जाच्या पहिल्या पानावर, मराठीत, ठळक अक्षरात तीन गोष्टी छापाव्यात: अभ्यासाचे एकूण तास किती, जास्तीत जास्त मुदत किती वर्षांची, आणि एका वेळी किती विषय घेतले तरी चालतात. आपल्या दैनिकाने जून-जुलैच्या प्रवेश पुरवणीत हा तक्ता छापला, तर तो अर्ज भरण्याआधीच लोकांच्या हाती पडेल.

माझे २४ पैकी २१ पेपर सुटले आहेत. या जूनला दोन देईन, डिसेंबरला शेवटचा. त्या ताईंना मी परवा त्यांच्या प्रवेशाचं वर्ष विचारलं. त्यांनी बोटांवर मोजलं. अजून अडीच वर्षं शिल्लक आहेत. उतरताना त्यांनी विचारलं, "भाऊ, फॉर्म कधी सुटतात?"

आपला,
एक एसटी वाहक
ता. पाटण, जि. सातारा
(कृपया नाव छापू नये.)