रिपोर्टमधले टॉन्सिल

संपादक महोदय,

मान आखडते म्हणून आईचा एमआरआय काढला. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला शुक्रवारी रात्री, डॉक्टरांची वेळ सोमवारची. शेवटच्या ओळीत 'टॉन्सिल 3 मिमी खाली' अशा अर्थाचे काहीतरी होते. मामींनी लगेच हळद-मिठाच्या गुळण्या सुरू करायला लावल्या. सोमवारी कळले, की हे घशातले टॉन्सिल नव्हेतच! लहान मेंदूच्या खालच्या टोकांनाही तेच नाव आहे. ती कवटीच्या तळाच्या छिद्रातून साधारण 5 मिमीहून जास्त खाली उतरली, तर कियारी विकृतीचा विचार करतात. दोन-तीन मिमीला, बाकी त्रास नसेल तर, सहसा कुणी विचारत नाही. आईचे दुखणे मणक्यातल्या चकतीचे निघाले.

घशातले टॉन्सिलही असेच चकवतात. दुसऱ्याच कारणाने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये त्यांत चुन्याचे बारीक खडे दिसतात, ते बहुधा निरुपद्रवी. पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे जास्त साखर वापरणाऱ्या पेशी उजळ दाखवणाऱ्या तपासणीत, दोन्ही बाजू सारख्या उजळल्या, तर तेही बहुतेक वेळा नैसर्गिकच. मात्र एकच बाजू मोठी किंवा जास्त उजळ दिसली, त्यातून माणूस तंबाखूवाला किंवा मानेत गाठ असलेला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासायलाच हवे. तिथे गुळण्या उपयोगाच्या नाहीत.

अशा नोंदीपुढे 'काळजी नको' किंवा 'तज्ज्ञांना दाखवा' एवढे तरी मराठीत लिहायला काय हरकत आहे? आणि रिपोर्ट शुक्रवारी रात्री पाठवू नयेत, हे आपले जाता जाता.

– एक वाचक, सातारा